उद्याचं धान्य

कोठीचं दार उघडलं की आधी वास येतो. ज्वारीच्या धुळीचा, तागाच्या पोत्यांचा, आणि कीड लागू नये म्हणून थराथरांत घातलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा. आमच्या मुलींच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी आठवड्याचा शिधा काढतात, आणि त्या कामाला एकदोन मुली आपणहून येऊन बसतात. परवा आठवीतली एक आली होती. तिचे आईवडील दिवाळी झाल्यावर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेत, ते आता हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परतणार. तुरीची डाळ सुपात घेऊन ती खडे वेचत होती. बराच वेळ गप्पच होती. मग मान वर न करता म्हणाली, "बाई, त्या रमाबाईंनी एवढ्या पोरी आणल्या ना दुष्काळातून? मग दुसऱ्या दिवशी धान्य आलंच नसतं तर?"

मी म्हणाले, "देवाने धाडलं असतं."

तिने मान हलवली, एक खडा वेचून बाजूला टाकला. "पण नसतं धाडलं तर?"

तेवढ्यात फाटकाशी गॅसच्या टाक्यांचा टेम्पो आला, मी उठून गेले आणि बोलणं तिथेच राहिलं. पण तिचं ते दुसरं वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. रात्री मुलींच्या खोल्यांतून फेरी मारताना, हिशेबाची वही भरताना, रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांचा उपदेश ऐकतानाही ते मध्येच येऊन उभं राहायचं.

ते अविश्वासातून आलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती मुलगी मन लावून प्रार्थना करते. पण मुकादमाची एक उचल फिटत नाही तोवर दुसरी घ्यायची वेळ येते, अशा घरातून ती आली आहे. धान्य येतं तसं कधी येतही नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. आदल्या रविवारी भक्तीनंतर संडे स्कूलमध्ये मीच पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली होती. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं माळरान, तंबू, विहिरी, शेकडो मुली. आपण ही गोष्ट नेहमी शेवट ठाऊक असल्यासारखी सांगतो. त्या मुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन उभं राहिलं, आजही आहे, तेव्हा सगळं नीटच होणार होतं असं आपल्या आवाजातच असतं. या मुलीने मात्र ती गोष्ट शेवट ठाऊक नसलेल्या दिवशी उभं राहून ऐकली होती.

माझ्या आजीची आई केडगावची. म्हणजे तिचं मूळ गाव गुजरातेतलं कुठलंसं, नाव तिलाही आठवत नव्हतं. 1900 सालच्या दुष्काळात रमाबाईंच्या माणसांनी गुजरातेतून हजाराहून अधिक मुली आणल्या, त्यांत ती पाच-सहा वर्षांची पोर होती. मी तिला पाहिलेलं नाही, पण आजीच्या बोलण्यातून ती आमच्या घरात वावरायची. जेवून उठताना ताटावरून बोट फिरवून चाटायची, भाकरीचा पापुद्रासुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. हातमागावर बसायला शिकली होती, म्हणून म्हातारपणीही कापडाचा पोत बोटांनी चाचपून सूत ओळखायची. आणि रोज पीठ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीला तो डबा मंडळीत जायचा. ही मुठीची रीत आजीने चालवली, आईने चालवली. लहानपणी मला वाटायचं, देवाचा वाटा काढतात. पुढे कळलं की त्या डब्यातलं पीठ पाळकांच्या हातून कुणाच्या तरी घरी पोचायचं, आणि ते घर कोणाचं हे कुणी विचारायचं नाही. आजीची आई देवाविषयी फारसं बोलायची नाही म्हणे. तिची साक्ष त्या डब्यात होती.

रमाबाईंच्या आयुष्यातला दुष्काळ आपण एकच धरतो, तो 1896-97 चा, ज्यात त्यांनी मुली आणल्या. पण त्याआधी वीस वर्षं त्यांचा स्वतःचा दुष्काळ होऊन गेला होता. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी पुष्कळ सोसलं, आणि पुढे सगळ्या कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर हिंडत राहिले. देवळात दान करत गेले, पैसा संपला, आणि मग दक्षिणेत दुष्काळ पडला. मोलमजुरी त्यांना ठाऊक नव्हती, भीक मागायची लाज होती. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्याला तिरडी लागेना, म्हणून तिने आईचं ओझं डोक्यावर घेतलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

हे मी संडे स्कूलमध्ये सांगितलं नव्हतं. लहान मुलांना काय सांगायचं म्हणून वगळलं होतं. पण कोठीतल्या त्या प्रश्नाचा अर्थ मला इथेच लागला. "नसतं धाडलं तर?" याचं उत्तर रमाबाईंना माहीत होतं. नाही धाडलं तर माणसं मरतात. वडील मरतात, आई मरते, बहीण मरते. ते कुटुंब काही कमी देवभक्त नव्हतं, पहाटेपासून रात्रीपर्यंत देवाचंच करत होतं. म्हणजे भूक लागलेल्याकडे देव दरवेळी धान्याचं पोतं धाडतोच, अशी भोळी समजूत रमाबाईंची असणं शक्यच नव्हतं. आणि तरी त्यांनी मुली आणल्या.

या "आणि तरी" पाशी मी बरेच दिवस थांबून आहे.

1896 च्या अखेरीला मध्य प्रांतात दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंच्या हातात काय होतं ते पाहिलं पाहिजे. पुण्यात त्यांनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन होतं. अमेरिकेतल्या मंडळाने त्याला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत सरत आली होती. शिवाय तो पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता, दुष्काळातल्या वाटेल त्या जातीच्या मुलींसाठी नव्हता. केडगावला जमीन घेतलेली होती, ती फळबागा लावून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. तिथे धड इमारत नव्हती. एवढ्यावर त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, सरकारी छावण्या आणि अनाथगृहं पाहिली, तिथे तरण्या मुलींचं काय होतं ते पाहिलं आणि मुली घेऊन यायला लागल्या. त्या दुष्काळातच तीनशेच्या आसपास मुली झाल्या. पुण्यात प्लेग आला, शहरात एवढ्या मुली ठेवायला बंदी झाली, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर तंबूंत हलवलं. 1900 नंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसं जेवत होती.

हे कुठल्या बळावर, याचं उत्तर आम्ही मंडळीत एका शब्दात देतो, "विश्वास". ते खरंच आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवली होती, त्याचं चरित्र रमाबाईंनी मनावर घेतलं होतं. पण केडगावला त्यांनी केलेल्या कामांची नुसती नावं घेतली तरी कळतं की प्रार्थनेला बसल्यावर त्यांचे हात मोकळे राहिलेले नाहीत. विहिरी खणल्या. शेती केली, भाजीचे मळे लावले, गाई पाळल्या. माग घातले, तेलाचा घाणा घातला, शिवणकाम, बेकरी, छापखाना. आंधळ्या मुलींना शिकवायची सोय केली. ज्या मुलींना फसवून वाईट मार्गाला लावलं होतं त्यांच्यासाठी कृपा सदन काढलं, तेही अशा काळात जेव्हा चांगल्या घरची माणसं त्या मुलींचं नावसुद्धा काढत नसत. उद्याचं धान्य देव देईल असं म्हणणारी ही बाई आजच्या दिवसात पेरणी करत होती. त्या दोन गोष्टींमध्ये तिला भेग दिसत नव्हती. मला वाटतं, देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने प्रीती करणं म्हणतात ते हेच असावं. मनाचा एक कप्पा देवाचा आणि एक हिशेबाचा, असं नाही. विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं हेसुद्धा देवाशीच बोलायचं.

आमच्या समाजात एक सवय हल्ली वाढलेली दिसते, तिचं मला वाईट वाटतं. कुणी मंडळीच्या कारभारात प्रश्न विचारला की त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणतात. वडीलजनांना हिशेब विचारला की आज्ञापालनावर वचनं ऐकवतात. तरुण मुलंमुली याला कंटाळून दूर जातात आणि मग आपण त्यांच्यासाठी उपासप्रार्थना ठेवतो. रमाबाईंची या बाबतीतली गोष्ट प्रत्येक मंडळीत मोठ्याने सांगायला हवी. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. परका देश, हातात पैसा नाही, नवरा गेलेला, राहणं-खाणं तिथल्या एका मठातल्या सिस्टरांच्या आश्रयाने. अशा वेळी कुणीही मान तुकवली असती. रमाबाईंनी काय केलं? त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनला लांबलचक पत्रं लिहिली आणि चर्चच्या एकेका मताची उलटतपासणी केली. ख्रिस्त मी स्वीकारला आहे, पण कुणा बिशपाने माझ्यासाठी विचार करावा हे मला मान्य नाही, आत्ताच कुठे एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं आहे, दुसरं चढवून घेणार नाही, असा त्या पत्रांचा रोख आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. सिस्टर बिचारी दुखावली. तिचं रमाबाईंवर खरं प्रेम होतं, ते त्या पत्रांत दिसतं. पण रमाबाईंनी प्रेमासाठीसुद्धा बुद्धी गहाण ठेवली नाही. पंचविशीतल्या त्या विधवेचा विश्वास अर्धा होता असं कुणी म्हणू शकेल का? ती तर बुद्धीसकट सगळीच्या सगळी देवापुढे उभी राहिली होती.

तोच ताठपणा पुढे सरकारपुढेही दिसतो. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांचे जे हाल झाले, ज्यात त्यांच्या सदनातली एक मुलगी सापडली, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या कारभाराला दोष दिला. सरकार ख्रिस्ती, देणगीदार ख्रिस्ती आणि त्यातले बरेचसे गोरे, आणि आपण त्यांच्यावर अवलंबून, हा हिशेब त्यांनी केला नाही. जी मुलगी आपल्या जिम्मेवारीतली, तिच्यासाठी बोलायचं. पुढारीपण म्हणतात ते एवढ्यावर तपासून घ्यावं असं मला नेहमी वाटत आलंय.

आता दाराची गोष्ट. ती मला सगळ्यात जवळची आहे, कारण ती माझ्या रोजच्या कामात येते. 1889 च्या मार्चमध्ये शारदा सदन मुंबईला सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं, आणि मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून 1893 मध्ये जे वादळ उठलं ते सगळ्यांना माहीत आहे. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी हितचिंतक माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. त्या पालकांची भीती मला समजते. आपली मुलगी शिकायला पाठवली आणि ती आपल्यातून गेली, हे दुःख खोटं नाही. रानडे काही संकुचित माणूस नव्हते. जिच्या हाती सत्ता आहे तिने दार उघडं ठेवलं तरी आतल्या दुबळ्या मुलीला ते आमंत्रण वाटतंच, हेही खरं. आणि तरी दार लावून घे असं मी रमाबाईंना सांगू शकले नसते. ज्यावर आपण जगतो ते लपवून मुलींपुढे कोण म्हणून वावरायचं? मला या वादात एका गोष्टीचा आधार वाटतो. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती त्या प्रार्थनांना बसायची. ती ख्रिस्ती झाली नाही. 1893 च्या मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि बाया कर्वे म्हणून पुढे विधवांच्या कामासाठी दारोदार निधी गोळा केला. उघड्या दारातून आत आलेली ती बाई त्याच दारातून आपल्या वाटेने बाहेर गेली.

आमच्या वसतिगृहात निम्म्याहून जास्त मुली ख्रिस्ती नाहीत. पाथर्डी, शेवगाव, तिकडे आष्टी-पाटोद्याच्या. आईबाप फडावर, गावात म्हातारी आजी, म्हणून इथे ठेवलेल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी बसायचं की नाही यावर आमच्या समितीत बरेचदा बोलणं झालं. एक ज्येष्ठ सभासद आहेत, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांचं म्हणणं, आपण यांना खाऊ घालतो, शिकवतो, तर दिवसातली पंधरा मिनिटं देवापुढे बसायला काय हरकत आहे, वाईट तर काही शिकवत नाही. काका मनाचे अतिशय चांगले. पोरींच्या फिया स्वतःच्या पेन्शनीतून भरतात आणि कुणाला कळू देत नाहीत. त्यांचं बोलणं मी शांतपणे ऐकते. पण मी सक्ती ठेवलेली नाही. जेवणघराच्या शेजारच्या हॉलमध्ये पेटी वाजायला लागते, ना. वा. टिळकांचं एखादं अभंगाच्या चालीचं गीत सुरू होतं, ज्यांना यायचं त्या येतात, बाकीच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करतात. पायऱ्यांवरच्या मुलींना आमटी कमी वाढली जात नाही, आजारी पडल्या तर रात्री उशाशी कोण बसेल हे त्यांनी प्रार्थनेला यावं न यावं यावर ठरत नाही, एवढं मी डोळ्यांत तेल घालून पाहते. भाकरी हातात ठेवून त्याच्या बदल्यात देवाचं नाव घ्यायला लावलं, तर माझ्या आजीच्या आईने पाच वर्षांची असताना खाल्लेली पहिली भाकरीसुद्धा मला कडू लागेल.

यावर कुणी म्हणेल, केडगावला तर पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. घेतला. 1905 मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत, गात. त्याची वर्णनं वाचताना मी अजूनही बिचकते. मी नगरच्या जुन्या मंडळीत वाढले, आमच्याकडे भक्ती शिस्तीत चालते, उठायच्या वेळी उठायचं, बसायच्या वेळी बसायचं. एवढा कल्लोळ मला झेपत नाही. त्या मुलींपैकी कितीजणींना त्या उमाळ्यात आपला दुष्काळ रडून घेता आला असेल, असंही मनात येतं. आईबाप डोळ्यांसमोर गेलेल्या पोरी. त्यांना तोवर मोकळेपणी रडायला जागा तरी कुठे मिळाली होती? माझ्या आजीची आई त्या वेळी दहा-अकरा वर्षांची असेल. ती त्या दिवसांबद्दल फक्त इतकंच सांगायची की आम्ही खूप गायलो. त्याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही, आणि तिच्या त्या तीन शब्दांपुढे माझा संकोच मला फार मोठा करता येत नाही.

नेतृत्वावरची शिबिरं हल्ली आमच्या समाजातही होतात. मी जाते, टिपणं घेते, उपयोगही होतो. पण त्यांत जी एक गोष्ट कधी येत नाही ती म्हणजे किंमत. पूर्ण मनाने केलेल्या कामाला कुणीतरी घरातलं माणूस किंमत देत असतं. मनोरमा एक वर्षाची व्हायच्या आतबाहेर वडील गेले. लहान असताना आईबरोबर इंग्लंड, आई अमेरिकेला गेली तेव्हा तिला परत सिस्टरांकडे, मग पुन्हा भारत. आईची शेकडो मुलींमध्ये वाटणी झालेली. ती मोठी होऊन आईचा उजवा हात झाली, शारदा सदन सांभाळलं, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. 1921 च्या जुलैमध्ये चाळिशीतच ती गेली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, ऐकू येणं जवळजवळ बंद झालेलं. आणि त्या बसून प्रुफं तपासत होत्या.

तो बायबलचा अनुवाद. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत करायला घेतलेला. त्या भाषा त्यांनी उतारवयात नेटाने अभ्यासल्या. छापायचं काम केडगावच्या मुलीच करायच्या, खिळे जुळवणं, कागद ओले करणं, पानं मोडणं, शिवणं. आपली मंडळी भक्तीत तो अनुवाद वाचत नाहीत, त्याची वाक्यं पुष्कळदा खडबडीत आहेत, आणि ते मीही मान्य करते. पण एकदा केडगावला गेले असताना ती जुनी प्रत हातात घेतली, जाड कागदावर खोल उमटलेली अक्षरं बोटांना लागली. त्या प्रत्येक ओळीचा खिळा कधीकाळी भुकेने मरायला टेकलेल्या एखाद्या पोरीने उचलून बसवलेला होता. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. मुलगी गेल्यावर नऊ महिन्यांच्या आतच, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि मग त्या गेल्या, असं आमच्याकडे सांगतात. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून बाहेर आला.

त्या आठवीतल्या मुलीला मी नंतर हे सगळं सांगितलं. एका बैठकीत नाही, कपडे वाळत घालताना थोडं, दवाखान्याच्या रांगेत थोडं. रमेने आईला डोक्यावर कसं नेलं तेही सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मग त्यांना भूक म्हंजे काय ते माहीत होतं." तेवढंच. पुढे तिने काही विचारलं नाही, आणि तिचं समाधान झालं की नाही हे मी सांगू शकत नाही. माझं पूर्ण झालेलं नाही. रात्री कोठीला कुलूप घालताना भीती वाटते, सरकारी अनुदान लांबलं की झोप उडते, आणि मी प्रार्थना करते तेव्हा ती भीती प्रार्थनेतच असते, बाहेर ठेवून येत नाही. पण एक कळलंय. रमाबाईंनी देवाकडे हमी मागून मुली आणल्या नाहीत. मुलगी समोर होती, तिला घेतलं, आणि मग उद्याचं धान्य या गोष्टीची चिंता देवाने आणि त्यांनी मिळून करायची असं धरून चालल्या.

यंदा आमच्या मंडळीत कापणीचा सण चांगला झाला. लोकांनी बाजरी, भोपळे, गावठी कोंबड्या, अंडी, लोणच्याच्या बरण्या आणल्या, लिलावात एकेका पेंढीला चारचारदा बोली लागली, आणि त्यातला धान्याचा वाटा वसतिगृहाला मिळाला. उन्हाळ्यापर्यंत पुरेल, पुढचं सांगता येत नाही. तरी नव्या मुलींचे अर्ज आलेत, जागेपेक्षा जास्त. समितीत काहीजणांचं म्हणणं, आहे त्या मुलींचंच नीट करू, उगाच पसारा नको. ते चुकीचं बोलत नाहीत, हिशेब त्यांच्या बाजूने आहे. मी पुढच्या बैठकीत वरच्या व्हरांड्याला जाळी लावून तिथे खाटा टाकायचा प्रस्ताव मांडणार आहे. सुताराकडून आकडा घेतलाय, मळ्यात दोन वाफे वाढवता येतील ते पाहून ठेवलंय, आणि काकांना आधीच सांगितलंय की पैशाची जोडणी कशी करायची हे तुम्हीच बसून मला दाखवा. ते आधी नाही म्हणाले, मग वही मागून घेतली. अर्जांमध्ये पाटोद्याकडच्या दोन बहिणी आहेत, धाकटी सात वर्षांची. सध्या दोघी आईबापाबरोबर उसाच्या फडावर आहेत आणि धाकटीचं नाव अजून कुठल्याच शाळेच्या पटावर नाही. तिचा जन्माचा दाखला मिळवायला या आठवड्यात त्यांच्या ग्रामपंचायतीत जायचं आहे.